मधली पायरी

आसाममध्ये ब्रह्मपुत्रेच्या उत्तर तीरावर तेजपूर हे गाव आहे. उषा-अनिरुद्धाची कथा जेथे घडली असे मानतात, तेच हे तेजपूर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे विमानतळ झाला आणि पुढे तो भारतीय वायुदलाचा महत्त्वाचा तळ बनला. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे वीस वर्षे या तळावर एक वेगळ्या प्रकारची शाळा भरत असे. तिचे नाव 'मिग ऑपरेशनल फ्लाइंग ट्रेनिंग युनिट'. इतके लांब नाव रोज कोण घेणार? इंग्रजी आद्याक्षरे जुळवून सगळे तिला 'मॉफ्टू' म्हणत.

या शाळेत येणारा विद्यार्थी बावीस-तेवीस वर्षांचा असे. तो विमान चालवायला शिकायला येत नसे, कारण ते त्याला येतच असे. हैदराबादजवळच्या दुंडिगल येथील वायुदल प्रबोधिनीतून तो बाहेर पडलेला असे, त्याच्या छातीवर वैमानिकाचे पंख लागलेले असत आणि आईवडिलांनी त्या समारंभाचे छायाचित्र घरी भिंतीवर लावलेले असे. मग आणखी शाळा कशाला? आपल्याकडे डी.एड. किंवा बी.एड. होऊन आलेल्या नव्या शिक्षकाला पहिल्या दिवशी साठ मुलांसमोर उभे केले की काय होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या प्रश्नाचे अर्धे उत्तर सापडले आहे. उरलेले अर्धे उत्तर भौतिकशास्त्रात आहे आणि ते जरा कठोर आहे.

विमान उडवता येणे आणि लढाऊ विमान लढाईत वापरता येणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे जगाला पहिल्या महायुद्धात कळले. १९१६ साली फ्रान्समधील ब्रिटिश तुकड्यांना मायदेशातून जे नवे वैमानिक मिळत, त्यांतील अनेकांना विमान हवेत सरळ ठेवणे आणि कसेबसे उतरवणे एवढेच येत असे. ६० क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे प्रमुख रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी याविरुद्ध वरिष्ठांना इतकी पत्रे लिहिली, की शेवटी वरिष्ठांनी त्यांनाच इंग्लंडला परत पाठवले आणि 'मग तुम्हीच शिकवून दाखवा' अशा अर्थाने गॉस्पोर्ट येथील एक प्रशिक्षण तुकडी त्यांच्या हवाली केली. १९१७ साली तिचे 'स्कूल ऑफ स्पेशल फ्लाइंग' झाले.

स्मिथ-बॅरी यांची पद्धत शिक्षकांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. तोपर्यंतचा रिवाज असा होता, की धोकादायक हालचाली विद्यार्थ्याला दाखवायच्याच नाहीत. त्यांपासून लांब राहा, एवढेच सांगायचे. विमान गिरक्या घेत खाली कोसळू लागले की सारे संपले, अशी समजूत होती. गॉस्पोर्टला याच्या बरोबर उलट केले गेले. दुहेरी नियंत्रणांच्या अॅव्ह्रो ५०४ विमानात विद्यार्थ्याला घेऊन प्रशिक्षक मुद्दाम विमान त्या गिरकीत घाली, ती का येते हे समजावून सांगे आणि मग बाहेर कसे पडायचे ते विद्यार्थ्याच्याच हातून करून घेई. बोलणे ऐकू यावे म्हणून दोघांच्या मध्ये रबरी नळी असे. 'गॉस्पोर्ट ट्यूब' याच नावाने ती पुढे वीसेक वर्षे वापरात राहिली. त्याच सुमारास फार्नबरो येथे फ्रेडरिक लिंडमन हा भौतिकशास्त्रज्ञ स्वतः विमान चालवायला शिकून, मुद्दाम गिरकीत शिरून, वेगाची व उंचीची नोंद करीत होता. चूक टाळायला शिकवायचे की चुकीतून बाहेर यायला शिकवायचे, या वादात गॉस्पोर्टने दुसरी बाजू घेतली आणि पुढच्या सर्व वायुदलांनी ती उचलली.

मात्र गॉस्पोर्टचा भर विमान चालवण्यावर होता. लढायला शिकवणारी वेगळी शाळा हवी, हे दुसऱ्या महायुद्धाने पक्के केले. आधी अशी रीत होती, की नवा वैमानिक थेट स्क्वाड्रनमध्ये येई आणि तेथील अनुभवी लोक त्याला सवडीने तयार करीत. युद्ध पेटल्यावर सवड कोणाला? म्हणून १९४० साली ब्रिटनमध्ये लढाऊ वैमानिकांसाठी 'ऑपरेशनल ट्रेनिंग युनिट' उभी राहिली: अॅस्टन डाउन, सटन ब्रिज आणि हॉवर्डन येथे. तेथे स्पिटफायर किंवा हरिकेन हे प्रत्यक्ष लढाईतले विमान हाती मिळे. स्पिटफायरमध्ये एकच आसन असे. म्हणजे स्पिटफायरचे पहिले उड्डाण हे एकट्याचेच उड्डाण! प्रशिक्षक पंखावर उभा राहून कळा दाखवी, डोळ्यांवर पट्टी बांधून त्या चाचपायला लावी, आणि मग खाली उतरून हात हलवी.

हे शक्य झाले याचे कारण त्या विद्यार्थ्याने आधी 'मास्टर' किंवा 'हार्वर्ड' या जातीच्या दोन आसनी, बऱ्यापैकी वेगवान प्रशिक्षक विमानावर हात बसवलेला असे. प्राथमिक विमान आणि स्पिटफायर यांच्यातील ती मधली पायरी होती. ती लक्षात ठेवावी, कारण आपल्या गोष्टीचे मर्म तेथेच आहे.

या युनिटमध्ये शिकवायचे काय, याचे एक उदाहरण वर्गात करून पाहण्याजोगे आहे. समजा, शत्रूचे विमान आपल्यासमोरून आडवे जात आहे, त्याचा वेग सेकंदाला १०० मीटर आहे आणि ते ३०० मीटर दूर आहे. आपली गोळी सेकंदाला साधारण ७५० मीटर जाते. गोळीला पोचायला ०.४ सेकंद लागणार. तेवढ्या वेळात ते विमान ४० मीटर पुढे गेलेले असेल, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या चौपट. ज्याने नेमका विमानावर नेम धरला, त्याची गोळी हमखास मागे जाणार. नेम धरायचा तो रिकाम्या आकाशावर, आणि तोही स्वतः वळत, चढत, मागे कोणी आहे का हे पाहत. गणित सोपे आहे. ते हातांत मुरवणे सोपे नाही. १९४०च्या ऑगस्टमध्ये वैमानिकांचा तुटवडा पडला तेव्हा हा अभ्यासक्रम दोन आठवड्यांवर आला आणि स्पिटफायरवर जेमतेम दहा-वीस तास उडालेली मुले लढाईत उतरली. त्यांतली किती पहिल्याच काही उड्डाणांत गेली, हे त्या स्क्वाड्रनच्या नोंदवह्या वाचणाऱ्याला सहज कळते.

भारतात असे युनिट १९४२ साली रिसालपूरला (आता ते पाकिस्तानात आहे) सुरू झाले आणि हरिकेनवर आलेल्या अनेक भारतीय वैमानिकांनी तेथे धडे घेतले. स्वातंत्र्यानंतर आपण ही साखळी स्वतःच्या हाताने बांधली. प्राथमिक शिक्षणासाठी एचटी-२ हे विमान हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये तयार झाले आणि १९५१ साली उडाले. पुढच्या टप्प्यासाठी किरण हे जेट प्रशिक्षक विमान १९६४ साली उडाले. दोन्हींच्या मागे डॉ. विष्णू माधव घाटगे हे नाव आहे. कोल्हापूर भागातल्या हसूर या खेड्यात जन्मलेल्या या माणसाने जर्मनीत ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती. आपल्या वायुदलातील वैमानिकांच्या दोन-तीन पिढ्यांचे हात घाटगे यांच्या विमानांवर बसले, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत कोठेच का नसावी, हे मला आजवर उमगलेले नाही.

किरणनंतर लढाऊ शिक्षणासाठी वैमानिक जात ते हंटर विमानांकडे. हंटर हे ब्रिटिश बनावटीचे, मागे कललेल्या पंखांचे, ध्वनीच्या वेगाच्या जवळपास जाणारे, पण स्वभावाने शांत विमान. त्याची दोन आसनी आवृत्तीही होती. हंटरची प्रशिक्षण तुकडी जामनगरला असताना तिच्या वाट्याला असे काही आले, की प्रशिक्षण तुकडी म्हणजे लढाईपासून दूरची जागा असे मानणाऱ्यांनी ते अवश्य वाचावे.

१९७१च्या युद्धात या तुकडीची काही हंटर विमाने आणि त्यांचे प्रशिक्षक यांना राजस्थानात जैसलमेरला पाठवून तेथे १२२ क्रमांकाची तात्पुरती स्क्वाड्रन उभी केली गेली. तळाचे प्रमुख होते विंग कमांडर एम. एस. बावा. ४ डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी रणगाडे सीमा ओलांडून लोंगेवाला ठाण्यावर आले. ठाण्यात मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखाली २३ पंजाब पलटणीची एक कंपनी होती. हंटरला रात्री लढता येत नव्हते. पहाट होईपर्यंत ठाण्याला तग धरणे भाग होते. ५ डिसेंबरला उजाडताच पहिली दोन हंटर आली, आणि मग दिवसभर ती पाळीपाळीने येत राहिली. रणगाड्यांचे पोलाद समोरून जाड, पण वरून आणि मागून पातळ असते. त्यांच्या डोक्यावर स्वतःच्या विमानांचे छत्र नव्हते आणि वाळूत लपायला जागा नव्हती. विमानांतून टिपलेल्या छायाचित्रांत रणगाड्यांच्या चाकोऱ्यांची सैरावैरा वेटोळी दिसतात. विमानांनी नेमके किती रणगाडे फोडले याचे आकडे वेगवेगळे दिले जातात, पण चढाई तेथेच मोडली याबद्दल दुमत नाही. आदल्या महिन्यापर्यंत हेच प्रशिक्षक विद्यार्थ्यांना रॉकेटचा नेम शिकवीत होते.

आता मिगकडे वळू. १९६३ साली मिग-२१ भारतात आले. त्यावरचे पहिले भारतीय वैमानिक सोव्हिएत संघातील लुगोवाया येथे (आज हे ठिकाण कझाकस्तानात आहे) शिकून आले होते. तेथे दुभाष्यामार्फत वर्ग चालत. आपल्या वैमानिकांना वेग 'नॉट'मध्ये आणि उंची फुटांत वाचायची सवय. मिगच्या तबकड्यांवर किलोमीटर आणि मीटर. ज्यांनी विद्यार्थ्यांना एकके बदलायला शिकवले आहे त्यांना ही अडचण किती खरी आहे हे सांगायला नको, आणि येथे उदाहरण सोडवायला वेळ मिळतो तो एखादा सेकंद. पण ही पहिली माणसे मुरलेली होती. इतर लढाऊ विमानांवर त्यांची वर्षे गेली होती. मधल्या पायरीचा प्रश्न त्यांना पडलाच नाही, कारण ती ते आधीच चढलेले होते.

पुढे मिग-२१ची एफएल ही आवृत्ती नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बनू लागली. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नर निवासावर हल्ला केला तो मिग-२१ विमानांनी. दोन दिवसांनी शरणागती झाली. विमान स्वस्त, दणकट आणि अतिशय वेगवान. वायुदलात त्याची संख्या वाढत गेली, आणि एक वेळ अशी आली की प्रबोधिनीतून बाहेर पडणाऱ्या बहुतेक लढाऊ वैमानिकांना शेवटी मिगवरच जावे लागणार होते. हंटर मात्र म्हातारी होत चालली होती. म्हणून मिगच्याच विमानांवर मिगचे शिक्षण देणारी शाळा तेजपूरला निघाली. किरण किंवा पोलंडहून घेतलेले इस्क्रा, आणि त्यानंतर थेट मिग-२१.

ही उडी किती मोठी? येथे आपले भौतिकशास्त्र कामाला येते.

विमानाला वर धरणारे बल, म्हणजे उचल, चार गोष्टींवर ठरते: हवेची घनता, पंखाचे क्षेत्रफळ, पंखाचा आकार व त्याचा समोरून येणाऱ्या वाऱ्याशी होणारा कोन, आणि वेगाचा वर्ग. वेग दुप्पट केला तर उचल चौपट होते. उलट, वेग निम्मा केला तर ती एकचतुर्थांश उरते, आणि मग विमान वर ठेवायचे तर पंखाचा कोन वाढवून तूट भरून काढावी लागते. कोनही एका मर्यादेपर्यंतच वाढवता येतो. पुढे पंखावरचा हवेचा प्रवाह सुटतो आणि उचल कोसळते. यालाच स्टॉल म्हणतात.

किरणचा पंख सरळ, तुलनेने जाड आणि मंद वेगाला साजेसा. वजन साडेतीन-चार टन आणि पंखाचे क्षेत्रफळ १९ चौरस मीटर. मिग-२१ घडवले गेले ते ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाण्यासाठी. त्या वेगाला जाड पंख चालत नाही. तो पातळ आणि मागे खूप कललेला हवा. म्हणून त्याला त्रिकोणी पंख दिला, जेमतेम २३ चौरस मीटरचा, आणि उतरतानाही त्यावर सहा टनांहून अधिक वजन. असा पंख वेगात उत्तम. पण प्रत्येक विमानाला शेवटी जमिनीवर यायचेच असते, आणि तेही हळू.

ढोबळ आकडे घेऊ. किरण धावपट्टीला टेकते ताशी १८० किलोमीटरच्या आसपास, तर मिग ३०० किंवा त्याहून अधिक. म्हणजे सेकंदाला ५० मीटर विरुद्ध ८३ मीटर. वेगाचे गुणोत्तर ५:३. त्याचा वर्ग जवळजवळ २.८. त्यात वजनाचा फरक धरला तर धावपट्टीवर जिरवावी लागणारी गतिज ऊर्जा पाचपटीच्या घरात जाते. नुसत्या ब्रेकने एवढी ऊर्जा जिरवणे कठीण, म्हणून मिगच्या शेपटीतून एक हवाई छत्री उघडत असे. आपल्या विद्यार्थ्यांना 'गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते' हे वाक्य पाठ असते. ही छत्री म्हणजे त्या वाक्याचे चित्र आहे.

याहून अवघड गोष्ट त्याच्या अलीकडची, धावपट्टीकडे येतानाची आहे. मंद वेगात उचल मिळवण्यासाठी त्रिकोणी पंखाचे विमान नाक बरेच वर करून यावे लागते. नाक वर, म्हणून समोरचे दिसत नाही. पंखाचा कोन मोठा, म्हणून हवेचा रोधही खूप वाढतो. एका ठराविक वेगाखाली गेल्यावर गणितच उलटे होते: आणखी हळू जायचे तर इंजिनाचा रेटा कमी नव्हे, अधिक लागतो. सायकलवर आपण हळू जायचे म्हणून पॅडल कमी मारतो. अशी सायकल कल्पा, जी एका वेगाखाली गेली की हळू जाण्यासाठीच जास्त जोर मागते आणि तो मिळाला नाही तर खाली बसत जाते.

किरणवर शिकलेल्या मुलाच्या हाताला काय सवय असते? आपण जरा खाली आलो असे वाटले की दांडा किंचित मागे ओढायचा. विमान वर येते. मिगमध्ये उतरण्याच्या वेगाला हीच सवय घात करू शकते. दांडा ओढला की नाक आणखी वर जाते, रोध वाढतो, वेग पडतो आणि विमान आधीपेक्षा झपाट्याने खाली येऊ लागते. उपाय म्हणजे इंजिनाचा रेटा वाढवणे. पण त्या काळच्या जेट इंजिनाला हुकूम दिल्यापासून पुरा रेटा यायला काही सेकंद लागत, आणि सेकंदाला ८३ मीटर या हिशेबाने तेवढ्यात धावपट्टीचा उंबरठा कोठल्या कोठे जातो. म्हणजे नवे शिकण्याआधी जुने, अंगवळणी पडलेले, आणि आजवर बरोबर ठरलेले काहीतरी पुसावे लागते. शिकवण्यापेक्षा हे अवघड काम आहे, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

तेजपूरचे प्रशिक्षक हेच काम करीत. आधी जमिनीवरचे वर्ग: इंजिन, इंधन, द्रववाहिन्या, काय बिघडले तर कोणत्या क्रमाने काय करायचे. कॉकपिटमध्ये बसून कळांची उजळणी. मग दोन आसनी मिगमधून प्रशिक्षकाबरोबर उड्डाणे, पुढे एकट्याने पहिले उड्डाण, त्यानंतर जोडीने व चौघांच्या रचनेत उडणे, ढगांत केवळ तबकड्यांवर विसंबून उडणे, आणि शेवटी लक्ष्यावर मारा व हवाई झुंज. झुंजीतही वेगाचा वर्ग पाठ सोडत नाही. ताशी ९०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५० मीटर वेगाने जाणाऱ्या विमानाने शरीरावर सातपट गुरुत्वाचा भार घेत वळण घेतले, तरी त्या वळणाची त्रिज्या ९०० मीटरच्या पुढे जाते. वेग निम्मा केला तर तोच भार घेऊन ती सव्वादोनशेवर येते. साठ किलोचा मुलगा तेवढा वेळ चारशेवीस किलोचा झालेला असतो आणि त्याने मान वळवून मागे पाहायचे असते.

दोन आसनी मिगचे एक वैशिष्ट्य सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. त्यात प्रशिक्षक मागे बसे, आणि मागचे आसन पुढच्यापेक्षा फारसे उंच नसे. उतरताना नाक वर गेले की प्रशिक्षकाला समोर दिसे ते विद्यार्थ्याच्या आसनाची पाठ. पुढच्या आवृत्त्यांत सोव्हिएत अभियंत्यांनी त्याच्यासाठी पाणबुडीसारखी परिदर्शी बसवली. ज्या क्षणी विद्यार्थ्याच्या हाताकडे सर्वांत जास्त लक्ष हवे, त्या क्षणी शिक्षकाला आरशातून बाहेर पाहावे लागत होते. त्यात तेजपूरचा पाऊस आणि उत्तरेला लगेच उठणारे हिमालयाचे डोंगर.

किरण आणि मिग यांच्यामध्ये एक विमान हवे, हे वायुदलाला माहीत नव्हते असे मुळीच नाही. १९८२ साली डेनिस ला फाँटेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नेमके हेच सांगितले होते: प्रगत जेट प्रशिक्षक विमान घ्यावे. हेच ला फाँटेन पुढे १९८५ साली वायुदलप्रमुख झाले. ब्रिटनचे हॉक आणि फ्रान्स-जर्मनीचे आल्फा जेट अशी दोन विमाने नजरेसमोरही होती. त्यानंतर काय झाले? चाचण्या झाल्या, किमतींवर घासाघीस झाली, सरकारे आली आणि गेली, १९९१ साली तर देशाची परकीय गंगाजळीच आटली. १९९७ साली वायुदलाच्या उड्डाणसुरक्षेचा विचार करण्यासाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक समिती नेमली गेली. लढाऊ विमान विकत घेतले की वर्तमानपत्रात पहिल्या पानावर छायाचित्र येते. शिकवण्याच्या विमानाचे तसे नसते. ते पुढच्या अंदाजपत्रकावर ढकलले तरी त्या वर्षी काही बिघडल्यासारखे दिसत नाही.

या काळात किती जण गेले? मे २०१२ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत दिलेल्या माहितीप्रमाणे १९७१-७२ पासून एप्रिल २०१२ पर्यंत मिग कुळातील ४८२ विमानांना अपघात झाले आणि त्यांत १७१ वैमानिक व ३९ नागरिक मृत्युमुखी पडले. हे सारे अपघात मधली पायरी नसल्यामुळे झाले, असे म्हणणे चूक ठरेल. एकच इंजिन, त्यात शिरणारे पक्षी, सोव्हिएत संघ फुटल्यावर सुट्या भागांची झालेली ओढाताण, आणि चाळीस-चाळीस वर्षे केलेला वापर ही कारणेही तितकीच खरी आहेत. गेलेल्यांत मुरलेले वैमानिक होते, तसे नवखेही होते. त्यामुळे एखाद्या अपघाताच्या अहवालात 'वैमानिकाची चूक' असे शब्द येतात, तेव्हा ती चूक सुधारण्याची संधी त्याला शाळेत कोणत्या विमानावर मिळाली होती, हा प्रश्न त्याच पानावर विचारायला हवा.

हा प्रश्न महाराष्ट्रातील एका घराने जाहीरपणे विचारला. पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानात सुरतगडला मिग-२१च्या अपघातात गेले. ते तेजपूरचे विद्यार्थी म्हणून नव्हे, तर स्क्वाड्रनमधले वैमानिक म्हणून उडत होते. त्यांच्या आई कविता आणि वडील अनिल गाडगीळ यांनी मिगच्या अपघातांचा विषय वर्षानुवर्षे लावून धरला. एवढ्यावर न थांबता, वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलांसाठी त्यांनी पुण्यात सिम्युलेटरवर शिकवणारी संस्था काढली. जमिनीवरच चुका करून घ्याव्यात, ही त्यामागची दृष्टी. गॉस्पोर्टची आठवण व्हावी अशीच ती आहे.

हॉक विमानांचा करार अखेर मार्च २००४ मध्ये झाला. ६६ विमाने, त्यांतली २४ ब्रिटनहून तयार येणार आणि ४२ बंगलोरला बनणार. फेब्रुवारी २००८ मध्ये कर्नाटकातील बिदरला ती रीतसर दाखल झाली. समितीच्या शिफारशीपासून करारापर्यंत बावीस वर्षे गेली. १९८२ साली जन्मलेले मूल तोवर स्वतः तेजपूरला जाण्याच्या वयाचे झाले होते. हॉकमध्ये प्रशिक्षकाचे मागचे आसन पुढच्यापेक्षा बरेच उंच आहे. विद्यार्थ्याच्या डोक्यावरून त्याला धावपट्टी सरळ दिसते.

मिगची शाळा तेजपूरहून हलली आणि २००९ साली त्या तळावर सुखोई-३० विमाने आली. ज्या मिग-२१ एफएल विमानांवर तेजपूरला एवढी मुले शिकली, त्यांची निवृत्ती ११ डिसेंबर २०१३ रोजी पश्चिम बंगालमधील कलाईकुंडा येथे झाली. तेव्हा एफएल विमाने लढाऊ स्क्वाड्रनमध्ये उरली नव्हती. शेवटपर्यंत ती शिकवण्याचेच काम करीत होती. मिग-२१च्या उरलेल्या, सुधारित विमानांना २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निरोप दिला गेला. बासष्ट वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा आली तीही तेथेच. त्या दिवशी वायुदलप्रमुख एअर चीफ मार्शल ए. पी. सिंग स्वतः एक मिग घेऊन आकाशात गेले होते. वायुदलात ते डिसेंबर १९८४ मध्ये दाखल झाले. म्हणजे समितीचा अहवाल येऊन दोन वर्षे झाली होती आणि हॉक यायला अजून तेवीस वर्षे होती.